गोष्टीतला माणूस परत का जातो

माझ्या वडिलांच्या किराणा दुकानात गल्ल्याखालच्या खणात परग्रहावरच्या माणसांची पुस्तकं असायची. धर्माची पुस्तकं वरच्या फळीवर, फोटोशेजारी, आणि ही खाली, सुतळीच्या गुंड्यांबरोबर. सोनगीरच्या बाजारपेठेत सुगनचंद शेठ गल्ल्यावर मान खाली घालून बसलेले दिसले की लोकांना वाटायचं, शेठ हिशेब करताहेत. हिशेब कसला, कुठल्या तरी ताऱ्यावरून आलेला प्राणी तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होऊन राहिलेला असायचा, आणि पप्पा त्याच्या काळजीत असायचे.

ही पुस्तकं मीच पुरवायचे. लग्न होऊन जळगावला गेले तेव्हापासून रद्दीची दुकानं पालथी घालायची सवय लागली ती त्यांच्यामुळे. लढाया, किरणांच्या बंदुका, जग बुडवायला आलेले राक्षस असलं काही नेलं की ते दोन पानं चाळून पुड्या बांधायला ठेवून देत. त्यांना गोष्टींची एकच जात आवडायची. बाहेरून आलेला एक जण माणसांत माणूस होऊन राहतो, बोली शिकतो, शेजाऱ्यांच्या लग्नाकार्याला जातो, आणि कुणाला पत्ता लागत नाही. असलं पुस्तक हातात पडलं की पप्पा आधी शेवटचं पान उघडत.

"असं कुणी वाचतं का?" मी चिडायचे.

"जातो का राहतो, तेवढं बघून घेतो."

तो जायचाच. प्रत्येक पुस्तकात शेवटी यान यायचं आणि तो त्यात बसून जायचा. पप्पा दर वेळी तितकेच वैतागायचे. "इतकी वर्षं काढली ना त्याने गावात? कुत्रीसुद्धा ओळखायला लागली. मग कशाला जायचं?"

"लेखकाला विचारा."

"लेखकाला काय कळतंय!" आणि चष्मा पुसत पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागायचे.

हे वाचलेलं सगळं दुपारी हिलालआबांच्या कानावर जायचं. हिलालआबा आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी. त्यांची शेती किल्ल्याच्या पायथ्याशी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते दुकानाच्या बाकावर येऊन तंबाखू मळत बसत आणि पप्पा त्यांना गोष्ट सांगत. आमचं घरातलं बोलणं मारवाडी, पण दुकानाच्या उंबऱ्यापासून पुढे पप्पांची जीभ पक्की खान्देशी. आजोबा राजस्थानातून आले होते, पप्पा सोनगीरलाच जन्मले. राजस्थानात ते कुणाच्या लग्नाला जायचे आणि तिथलं पाणी बाधून परत यायचे.

आबा आणि पप्पा एका वर्गात होते. तेव्हा आबा त्यांना सुगन्या म्हणायचे, किल्ल्यावर दोघं बोरं चोरायला जायचे. मग आजोबा वारले, पप्पा गादीवर बसले, आणि त्या दिवसापासून ते आबांचेही शेठ झाले. कुणी तसं ठरवलं नव्हतं. सगळा गाव शेठ म्हणत होता, आबाही म्हणू लागले.

दोघांचा एक खेळ होता. आपल्या गावात लपून राहिलेला परग्रहावरचा माणूस कोण? आबांचा संशय आधी पंडित तांबटावर होता, कारण भर वैशाखात भट्टीपुढे बसून त्याला घाम येत नसे. मग सुकदेव गुरुजींवर गेला, कारण त्यांना शिंकताना कुणी पाहिलं नव्हतं. आबा पुरावे गोळा करून आणत आणि पप्पा वकिलासारखे ते खोडून काढत. हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता खरं बघायला गेलं तर सगळ्या खुणा असलेला माणूस आबांच्या समोर बसला होता. उकळून गार केलेलं पाणी पिणारा, सूर्य बुडाला की तोंडात दाणा न घालणारा, कांदा-बटाटा विकणारा पण न खाणारा, सकाळी तोंडाला कापड बांधून बसणारा. पण खेळात आबांनी पप्पांचं नाव कधी घेतलं नाही. एकदा मी गमतीने म्हणाले, "आबा, माझ्याच बापावर बरा संशय येत नाही तुम्हाला!" तर आबांचा चेहरा उतरला. "आशी मस्करी नही करतंस बेटा," ते म्हणाले आणि विषय बदलला.

मला वाटलं, किती जपतात. पप्पा मात्र त्या दिवशी घरी आल्यावर झोपाळ्यावर बसून म्हणाले, "पंडितची करतात, गुरुजींची करतात. माझी करायला काय झालं होतं?"

आपली थट्टा व्हावी म्हणून वाट बघणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तोंडाने बोलायची सोय नव्हती. आयुष्यभर दोघांनी एकमेकांना मनातलं जे काही सांगितलं ते परग्रहावरच्या माणसाच्या तोंडून, आणि त्यानेच सगळा घोटाळा केला.

दोन वर्षांपूर्वी पप्पांना दुकानात चक्कर आली, साखरेच्या पोत्यावर पडले म्हणून वाचले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुण्याहून माझा भाऊ अनुज आला आणि म्हणाला, आता दुकान बंद, पुण्याला चला. त्याचं काही चुकलं नव्हतं. पप्पांनी "बघू" म्हणून टोलवलं. महिनाभर "बघू" चाललं. अनुज मला फोन करायचा, मी पप्पांना करायचे, ते भावाबद्दल सोडून मेथीच्या भावाबद्दल बोलायचे.

आषाढात मी सोनगीरला गेले होते. दुपारी दुकानात बसले होते, आबा बाकावर होते, आणि पप्पा मी नुकत्याच आणलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगत होते. ते पुस्तक मी वाचलेलं होतं. त्यातला माणूस एका गावात पोस्टमन असतो, त्याचा मुलगा त्याला न्यायला यान घेऊन येतो, आणि तो शेवटी पत्रांची पिशवी पायरीवर ठेवून जातो.

"मंग यान उनं?" यान आलं का, आबांनी विचारलं.

"उनं," पप्पा म्हणाले. "पन तो गया नही. दार लायी लिधं आन् घरमा बशी ऱ्हायना."

मी चमकून वर बघितलं. पुस्तकात असं नव्हतं. पप्पा माझ्याकडे न बघता तराजूचं पारडं पुसत होते, आणि ते पुसून केव्हाच स्वच्छ झालं होतं.

आबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मग म्हणाले, "आन् तेना पोऱ्या? तो यानमा बठेल शे ना?"

"शे."

"मंग जावाले जोयजे शेठ. पोऱ्या लेवाले येस आन् बाप जास नही, आशी कशी गोट? मानूसनी आपला लोकेसमा ऱ्हावाले जोयजे."

"हां," पप्पा म्हणाले. "जावाले जोयजे."

तेवढंच. मग एक बाई पोह्यांसाठी आली आणि पप्पांनी पोहे तोलले. संध्याकाळी, जेवण आटोपल्यावर, त्यांनी अनुजला फोन लावला आणि सांगितलं, श्रावणात ये घ्यायला. मी म्हणाले, "पप्पा, जायचं नसेल तर स्पष्ट सांगा ना!" ते म्हणाले, "ज्याने राहा म्हणायचं त्याने जा म्हटलं. आता कुणासाठी राहू?"

मी त्याच क्षणी शेजारी जाऊन आबांना विचारायला निघाले होते. पप्पांनी मला शपथ घातली. मागून घेतलेल्या शब्दाला काय किंमत, म्हणाले. हट्टी माणूस!

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. आमच्याकडे म्हणजे खान्देशात, आमच्या घरी नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी आबांच्या घरी ती बसायची. ओसरी धुतलेली, नारळाला डोळे आणि नथ, गाणी, आणि त्या दिवशीचे रोट. घरातल्या आणि भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळायचे, आणि त्याचे जाड रोट करून सगळ्या भाऊकीने एकत्र बसून खायचे. रोट कुळाबाहेरच्या माणसाला द्यायचा नाही, घराबाहेर न्यायचा नाही. वर्षभर आमच्या घरात भिकुअक्कांच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, हातची प्रत्येक गोष्ट यायची. कांदा न घातलेली भरीत-भाकरी त्या आमच्यासाठी वेगळी करायच्या, तेही दिवस मावळायच्या आत. त्या एका रविवारी मात्र भिंतीपलीकडून तुपाचा वास यायचा आणि ताट यायचं नाही.

अक्कांना त्याचा संकोच व्हायचा हे पप्पांच्या लक्षात आलं होतं. म्हणून ते त्या रविवारी सकाळीच दुकानाला कुलूप घालून धुळ्याला त्यांच्या बहिणीकडे, माझ्या चंदनबाई आत्याकडे जायचे. संध्याकाळच्या बसने परत. इतकी वर्षं गेले की आम्हाला तो त्यांचा नेमच वाटायचा. आपण समोर दिसलोच नाही तर अक्कांना ताट न दिल्याचं वाईट वाटणार नाही, असा त्यांचा हिशेब.

त्या शेवटच्या श्रावणातही ते धुळ्याला गेले. नंतरच्या आठवड्यात अनुज गाडी घेऊन आला. निरोपाला आबा दारात आले, पप्पांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सुखी ऱ्हाय शेठ." त्यांचा आवाज मला तुटक वाटला, जरा रागीटच. पप्पांनाही वाटला असणार. गाडी हायवेला लागेपर्यंत ते समोरच बघत होते.

पुण्यात अनुजने सगळं केलं. वेगळी खोली, गॅलरी, खाली बाग, जवळ जैन स्थानक. पप्पा नीट राहायचे, तक्रार नाही. फक्त पुस्तकं नको म्हणाले. मी एक पाठवलं तर ते न उघडता परत माझ्या बॅगेत घातलं. "शेवट माहीत आहे," म्हणाले.

आबांना ते फोन करत नव्हते आणि आबाही त्यांना करत नव्हते. माझ्याकडे दोघं एकमेकांची चौकशी करायचे. मी मधली, निरोप्या. "बरे आहेत", "बरे आहेत". याच्यापुढे दोघंही जाईनात. तोंडात गुळणी धरून बसलेली दोन म्हातारी माणसं, आणि मी कुणाला काय सांगणार?

यंदा फाल्गुनात आबा गेले. झोपेतच. मी पप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते फक्त "येतो" म्हणाले. अनुजने गाडीत बसवून दिलं, मी त्यांना धुळ्यात गाठलं आणि भाड्याच्या गाडीने आम्ही दोघं सोनगीरला गेलो.

आमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पायरी मात्र तीच. पप्पा तिच्याकडे न बघता पुढे गेले. ओसरीत भिकुअक्का बसल्या होत्या. पप्पा समोर बसले, हात जोडले. अक्का डोळ्यांना पदर लावून बसल्या. मग त्यांनी पदर खाली घेतला आणि सरळ पप्पांकडे बघितलं.

"सुगनभाऊ, एक गोट इचारू? त्या कानबाईले तुम्ही कसाले नही उनात?"

पप्पांना कळेना. "कोणती कानबाई अक्का?"

"तुम्ही गाव सोडं ती. तुमना नावनी सव्वा मूठ टाकेल व्हती."

अक्का सांगत गेल्या आणि पप्पा ऐकत गेले. पप्पांनी आषाढात गोष्ट सांगितली त्या रात्री आबा जेवले नव्हते. शेठ पोराकडे निघालाय, म्हणाले. इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीत माणूस परत जातो असंच सांगतोय, आज तेवढा मला बरं वाटावं म्हणून राहिला म्हणाला, त्याचं मन इथे नाही. आता पोरगा बोलावतोय, तर मी त्याचा पाय मागे कसा ओढू? पण जायच्या आधी त्याला एकदा आपल्यात बसवायचा. भाऊकी चिडली. आबांचा चुलतभाऊ कौतिक म्हणाला, कुळात नसलेला माणूस रोटाला बसला तर मी उठून जाईन. आबा म्हणाले, जा. दर कानबाईला शेठ धुळ्याला जातो हे त्यांना ठाऊक होतं, पण ही गावातली शेवटची, यंदा तो थांबेल असं ते धरून चालले. गहू निवडताना त्यांनी स्वतः सव्वा मूठ टाकली. गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीत अक्कांनी कांदा-लसूण घातला नाही, सगळा स्वयंपाक उन्हं असताना उरकला.

"मग मला सांगितलं का नाही?" पप्पा मराठीतच बोलले, बोली सुटली होती त्यांची.

अक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला. "मी बी तेच बोलनू, शेठले सांगी या. तर माले बोलनात, आवतन पाहुणाले देतंस. भाऊबंदले कोनी आवतन देस का? तो येई. वास उना म्हंजे येई."

रोटाला भाऊबंदांना बोलावणं नसतं. ज्याला बोलवावं लागतं तो बाहेरचा. आबांनी पप्पांना बोलावलं नाही, कारण त्यांना पाहुणा करायचं नव्हतं. आणि पप्पा, आपण बाहेरचे, तर उगाच कुणाला अवघडायला नको, म्हणून धुळ्याला. मला तिथेच कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. मला दोघांचाही राग आला, आबांचा त्यांच्या ओसरीत बसून, ते नसताना. एक शब्द! बाकावर इतकी वर्षं बसून जगातल्या साऱ्या ग्रहांवरचं बोललात, आणि हा एक शब्द कुणाच्या तोंडून निघू नये?

"शटर बंद दिसनं तरी तठेच पायरीवर बशी ऱ्हायनात," अक्का म्हणाल्या. "बठ्ठी भाऊकी पानवर खोळंबेल. मी बलावाले गऊ तर त्या बंद दारले बोली ऱ्हायंतात. सुगन्या, ये ना रे, सुगन्या. कौतिक हासना. तुना भाऊ काय उना नही, बोलना."

पप्पांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. अक्का उठल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि म्हणाल्या की यंदा घरात दुखवटा आहे, कानबाई बसायची नाही. पुढच्या वर्षी बसेल. पुढचं काही त्या बोलल्या नाहीत.

निघताना मी आत पाणी प्यायच्या निमित्ताने अक्कांच्या मागे गेले. चुलीपाशी त्यांनी मला हळूच जे सांगितलं ते पप्पांसमोर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळी भाऊकी जेवून उठली, पण आबा जेवले नाहीत. स्वतःच्या आणि पप्पांच्या नावचे रोट त्यांनी ताटात तसेच झाकून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी कानबाई उठल्यावर गाईला घातले. त्यानंतर पप्पांचं नाव निघालं की ते म्हणायचे, त्याचा देव वेगळा, माझंच चुकलं, मी त्याला धर्मसंकटात टाकलं.

गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा उन्हं उतरली होती. चंदनबाई आत्याकडे पोचेपर्यंत दिवस मावळणार, म्हणून मी सकाळीच ठेप्ल्यांचा डबा करून घेतला होता. पप्पांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी डबा त्यांच्या हातात दिला.

"खाऊन घ्या, पप्पा. वेळ थोडा आहे."

त्यांनी झाकण काढलं. किल्ला मागे पडत होता, त्याच्याकडे वळून बघितलं.

"त्या दिवशी चंदनबाईकडे मी काय करत होतो माहीत आहे?" ते म्हणाले. "वाचत होतो. तेच पोस्टमनचं. पुन्हा शेवट बघत होतो, कुणी त्याला थांब म्हणतं का."

समोरच्या काचेवर ऊन तिरपं आलं होतं, ड्रायव्हरने झडप खाली ओढली.

"प्रियल, हिलाल जेवला का गं त्या दिवशी?"

"जेवले," मी म्हणाले. "सगळ्यांबरोबर बसून जेवले."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि डबा मांडीवर ठेवला. सूर्य बुडेपर्यंत त्यांनी तो उघडला नाही, आणि त्यानंतर उघडायचा प्रश्न नव्हता.